भिंतीवरच्या सात रेघा

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि माझ्या पाठीवर तुमच्या वातीचा वळ अजून आहे. सुरुंगाची वात, काळ्या दोरीसारखी, आत दारू भरलेली. खालापूरपासून कशेळ्यापर्यंत कुणाच्या विहिरीत खडक लागला की तुम्हाला बोलावणं यायचं, आणि ज्या वेटोळ्यातून तुम्ही सुरुंगाला वात कापायचात त्यानेच आईला आणि मला झोडायचात. लोक म्हणत, माणूस हाताचा पक्का आहे. होतातच. तुमचा एकही फटका वाया गेल्याचं मला आठवत नाही.

स्वयंपाकघरात चुलीमागे पांढऱ्या मातीने सारवलेली भिंत आहे, तिच्यावर खाली चाळीसपासून सत्तरपर्यंत आकडे. वातीचा हातभर तुकडा पेटवायचा, मी मोजायचं, आणि तो ज्या आकड्याला जळून संपेल तिथे कोळशाची रेघ ओढायची. रेघेवर रेघ चढून पन्नासच्या आसपास भाताची रास व्हायची, दोन्हीकडे उतरती. विहिरीत वात तिप्पट लांब, म्हणून मोजणीही तिप्पट. सुरुंग उडाला नाही तर किती थांबून खाली उतरायचं, ते तुम्ही राशीच्या शेवटच्या रेघेवरून ठरवायचात. एकदा एक रेघ फार लांब पडली तेव्हा तुम्ही माझं डोकं त्याच आकड्यावर आपटलंत. "रास येकच असती गं," म्हणालात. "दुसरी दिसली, तर मोजनारी चुकली." आई मध्ये पडली, तिचं बोट मोडलं. नंतर त्याच हाताने तिने भाकऱ्या थापल्या.

पुढे मी मुंबईत आकडेवारीच्या कचेरीत लागले. तिथे साहेबांनी फळ्यावर तुमचीच रास काढली. कोणत्याही आकड्यावरच्या रेघा मोजा, म्हणाले, त्या संख्येचा वर्ग शेजारच्या दोन आकड्यांवरच्या रेघांच्या गुणाकाराहून कमी नसेल, तर रास एकच पडते, आणि वस्तू जितकी जास्त टिकली तितका तिचा शेवट जवळ येत जातो. मला हे नवं नव्हतं. जेवताना तुम्ही जितका वेळ गप्प, तितका फटका जवळ, हे मी ताटावर बसून शिकले होते. पण ते पुढे म्हणाले की दोन जातींचा माल एकत्र झाला तर दोन राशी पडू शकतात, मध्ये खळगा राहतो, आणि त्यात मोजणाऱ्याची काही चूक नसते. त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी स्वतःच माझं डोकं भिंतीवर आपटून घेतलं.

कारण लढाईच्या दिवसांत वात मिळेना, तेव्हा तुम्ही साजगावहून कुणाचं तरी जुनं, दमट वेटोळं आणलंत आणि कापून आधीच्या वातीच्याच डब्यात टाकलंत. मी पंधरा वर्षांची होते. तुम्ही खडकात भोकं पाडायला गेलात आणि डब्यातले काही तुकडे मी एकटीने जाळले. सात रेघा पासष्टच्या पुढे पडल्या, वेगळ्या, घट्ट. मी पुन्हा जाळून पाहिलं, मोजणी बरोबर होती. मग ओल्या फडक्याने त्या सातही पुसल्या आणि पन्नासच्या राशीत नेऊन बसवल्या. तुम्ही आलात, भिंत पाहिलीत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. आयुष्यात एकदाच.

दुसऱ्या दिवशी तुमची भाकरी घेऊन मी विहिरीवर होते. एक सुरुंग उडाला नाही. राशीची शेवटची रेघ साठावर, म्हणून मी एकशे ऐंशी म्हणताच तुम्ही दोर हातात घेतलात. वाडीवरचा मजूर म्हणाला, जरा थांबा. तुम्ही त्याला ढकललंत.

"भितीवर बगितलंय मी. ह्याच्याम्होरं रेघच नाय."

दोनशेला तो उडाला. वर दगड आले, आणि दोराला गुंडाळलेला तुमचा हात आला. मी रडले नाही. तुमच्यावरचा राग मी अजून मुठीत धरून आहे, आबा, तो सुटत नाही.

हे पत्र चुलीत जाईल. सगळ्यांना मी सांगत आले की माराच्या भीतीने रेघा पुसल्या, आणि ते खरंच आहे. पण विहिरीच्या काठावर तुम्ही पाठमोरे होतात, तुमचे दोन्ही हात दोरात होते, मला कुणी मारणार नव्हतं. मी एकशे ऐंशीपर्यंत मोठ्याने मोजलं. पुढचे आकडे मनात मोजले.