दोघांचा एकच नंबर

१२ मार्च, दुपार

वन्संना नमस्कार.

हो, त्याच डॉक्टरकडे गेले होते. तुमच्या शिव्या फोनवर ऐकल्या, आता उत्तर कागदावर घ्या. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि गाल सुजल्यामुळे मला बोलता येत नाही, तुमचं आयतंच फावलं.

जबड्याचं ऑपरेशन करणारा इथे तो एकटाच. तीन वर्षं आपण दोघींनी त्याचा उद्धार केला, की मेल्यानं यांच्या जबड्याचा फोटो काढला, काही नाही म्हणून घरी धाडलं, आणि नवव्या दिवशी पू रक्तात भिनून हे गेले. तरी मी गेले त्याच्याकडे. दाढ ठणकायला लागली की ताठा राहत नाही.

माणूस तसाच आहे, केस तेवढे गेलेत. माझ्या तोंडात त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी आ वासून बसलेली आणि हा पडद्याकडे बघत. हल्ली म्हणे कॉम्प्युटरच फोटो वाचतो आणि पू असेल तिथे तांबडा रंग भरतो. शाळेत नकाशात असे रंग मीही भरायचे, मला कुणी डॉक्टर केलं नाही.

नखं रंगवलेल्या एका पोरीनं माझी हनुवटी टेकवली, दातात प्लास्टिकची कांडी दिली आणि हलू नका म्हणाली. यंत्र डोक्याभोवती फिरलं. निकाल काय, तर मागच्या फोटोपेक्षा पाच दात जास्त. मी म्हटलं, आता मला पाळण्यात घाला. कुणी हसलं नाही.

त्यांचा तो शहाणा कॉम्प्युटर फोन नंबरावरून माणूस ओळखतो, आणि मी अजून यांचाच नंबर वापरते. त्यानं माझा जबडा यांच्या जबड्याशी ताडून बघितला. बाई कोण, बाप्या कोण एवढं कळत नाही आणि म्हणे रोग शोधतो.

मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी आले. यांच्या खालच्या दाढेशी तांबडा डाग, माझ्या डागाहून मोठा. खाली एक ओळ होती. डॉक्टरनं ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाला, "तुमचा पू अजून हाडात शिरलेला नाही. या वेळी नाही म्हणू नका."

या वेळी, म्हणाला तो. तुम्ही हुशार आहात, पुढचं वाचायची तुम्हाला गरज नाही. पण वाचा.

शुक्रवारी ऑपरेशन आहे. घरच्या एका माणसाची सही लागते, आणि माझं म्हणावं असं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. त्या पोरीच्या पोटात काही राहत नाही, आल्या आल्या तुम्हाला जुना फोटो आणि त्याखालची ती ओळ दाखवेल. त्याआधी माझ्याकडून ऐका.

डॉक्टर तेव्हा काही नाही असं म्हणालाच नव्हता. आजच्या आज ऑपरेशन करू म्हणाला होता. हे तयार होते, शर्ट काढून खाटेवर बसलेही होते. मी म्हटलं, रंगवलेलं चित्र बघून कुणी जबडा चिरून घेतं का. मीच हसले, यांना शर्ट घातला आणि घरी घेऊन आले. नकाराच्या कागदावर सही माझी आहे.

शुक्रवारी आलात तर,
तुमची वहिनी