सानियाच्या पेपरवरची फुली

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी नववीचे विज्ञानाचे पेपर वाटले. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा किती दूर, या प्रश्नाला सानियानं लिहिलं होतं १.३ पार्सेक. उत्तरसूचीत ४.२ प्रकाशवर्षं आहे. मी लाल पेननं फुली मारली होती.

पेपर घेऊन ती टेबलाजवळ आली. "सर, नानीचं गाव, कन्नड, साठ किलोमीटर म्हणा नायतर एसटीनं दीड तास म्हणा, गाव तर तेच ना?"

मी म्हणालो, "जास्त शहाणपणा नको. पुस्तकात असेल तेच लिहायचं." वर्ग हसला. मलाही बरं वाटलं, हे इथं तरी कबूल करायला हवं.

पार्सेक म्हणजे किती, हे मलाच माहीत नव्हतं. बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. मला ठाऊक नाही म्हणून तिचं चूक?

आत्ता शोधलं. एक पार्सेक म्हणजे साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं. तीनदा गुणून पाहिलं. तेच ४.२ येतंय.

फुली उद्या खोडेन, गुणही देईन. पण जागेवर जाताना तीच म्हणाली होती, "चुकलं, सर." आणि मी म्हणालो होतो, "पुढच्या वेळी लक्षात ठेव."