खऱ्या माणसांचा कप्पा

सातवा महिना, पहिला दिवस

नात म्हणे! उन्हाळा लागल्यापासून एक फोन नाही कार्टीचा. "फक्त पत्ते वाटायचे, आजी, आपण खेळायचं नाही," म्हणत समुद्रापार गेली. आईबापाविना पोर वाढवली ती यासाठी?

आजपासून मेलेल्यांना महिनाभर घरी यायची मोकळीक. दाराबाहेर भात, मासा, बिअर मांडली. तेसुद्धा वेळेवर येतात. हिला जमत नाही!

तिसरा दिवस

शेजारचा खो सुपारी चघळत धावत आला. "वहिनी, तुमची नात पेइ-चुन माझ्या फोनात!"

त्याच्या फोनातल्या जुगाराच्या अॅपमध्ये दुकानासारखे कप्पे आहेत — मासे मारणं, फिरती फळं, लॉटरी, कोंबड्यांची झुंज. एका कप्प्यावर लिहिलंय, खरी माणसं. त्यात हिरव्या टेबलामागे ही! ओठ लाल, खांदे उघडे. मेले, अंगभर घाल काहीतरी!

खो म्हणाला, "माणूस खरा म्हणून तर लोक तिथे बसतात. यंत्रावर कोण भरवसा ठेवतो?"

म्हणजे धडधाकट आहे. दोन घास जास्त गेले.

सहावा दिवस

खोकडून तिला अॅपमध्ये लिहवलं — आजीला फोन कर. ती हसली. "शुभेच्छा, दादा!" दुपारी तेच, संध्याकाळी तेच. ही पोर जेवायलासुद्धा सरळ बसत नसे. आता जांभई नाही की मान खाजवणं नाही.

चौकीत जाऊन आले. साहेब म्हणतो, "आजी, रोज दिसते म्हणता, मग हरवली कशी?" अक्कल पगाराबरोबर मिळत नाही.

आठवा दिवस

"लिही, तुझी आजी मेली."

खो हादरला. "वहिनी, या महिन्यात असलं बोलू नये! बाहेरचे ऐकतात."

"ऐकू देत. मला तिला ऐकवायचंय."

लिहिलं. माझं नाव, गल्ली, सगळं. तिने वाचलं. हसली. "अभिनंदन, दादा! नशीब उघडो!"

नववा दिवस

मासा करपला. तसाच खाल्ला.

चौदावा दिवस

खो आला तो तोंडात सुपारी नसताना. "वहिनी, ती त्या कप्प्यात नाही."

"सुट्टी असेल."

"नाही. इकडे ठेवलीय."

फोन पुढे केला. मासे, फळं, त्यांच्या रांगेत नवा कप्पा — कॉम्प्युटरने बनवलेल्या मुली. तेच ओठ. तोच गालावरचा तीळ. "शुभेच्छा, दादा!"

"चेहरा हिचाच घेतला असणार," खो पुटपुटला.

"मग चेहऱ्याखालची पोर कुठाय?"

खो चपला शोधत बसला. चपला पायातच होत्या.

पंधरावा दिवस

मेलेल्या नवऱ्याच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावली. विचारलं, पोर तुझ्याकडे आलीय का? दोन लाकडी फाका टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की मेलेल्याचा होकार. फाका अजून माझ्या मुठीतच आहेत.

म्हाताऱ्या, उत्तर तू द्यायचं. पेइ-चुन, तू अजिबात बोलायचं नाहीस!