रणगाड्याचा आवाज

प्रिय ओवेन,

लढाईत तू चालवायचास त्या रणगाड्याची रिमोटवरची प्रतिकृती मी दोन वर्षं खपून केली. तुमची चहाचं पाणी उकळायची पेटीसुद्धा आत बसवली. प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या क्लबातला ग्लिन म्हणाला, "एम्रिस, आवाज नसेल तर ते खेळणंच म्हणायचं." म्हणून इंजिनाचा आणि तोफेचा खरा आवाज भरला.

तू घरी परतलास त्या दुपारी मी तो बागेत चालवला. तू कान झाकून टेबलाखाली शिरलास. तुला भेटायला आलेल्या पाहुण्यांना वाटलं, गंमत करतोयस. सगळे हसले. मीही हसलो, बाळा.

संध्याकाळी तू निघून गेलास.

स्पीकर मी उपटून टाकलाय. तुझा पत्ता मिळालाय, पण या पत्रासाठी पत्ता लिहून ठेवलेलं पाकीट अजून खणातच आहे. हल्ली तुझी आई दारंसुद्धा हळू लावते, घरात तू नसलास तरी.

तुझा बाबा