बंद केलेल्या गोळ्या

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नव्या चष्म्यात अगदी हेडबाई दिसत असशील! इकडे कारखान्यात पहाटेची पाळी चालू आहे. काळजी आहे ती ठकीची. सतरा वर्षांची घोडी झाली, पण अकरापर्यंत अंथरुणात. उठवलं तर रडते. झोपच लागत नाही म्हणते. डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून गोळ्या दिल्या. पाच आठवडे झाले, फरक शून्य. हिची आई गेली तेव्हा याच गोळ्यांवर मी तीन आठवड्यांत लेथवर उभा राहिलो होतो. म्हणजे औषध चांगलं आहे, पोरीचीच नाटकं आहेत. परवा गोळ्या काढून कपाटात ठेवल्या. आता पाळीला निघताना पाचलाच तोंडावर पाणी मारून उठवतो. चार दिवस रुसेल, मग येईल वळणावर. रागावू नकोस.

तुझाच,
धाकटा

दि. १५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावलेच आहे. आधी कपाट उघड आणि ठकीला घेऊन डॉक्टरांकडे जा. या गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात.

बावीस वर्षं मी झोपेच्या तपासणीत लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवतेय. ताणाचं एक रसायन असतं, ते संध्याकाळी उतरायला हवं. काहींचं उतरतच नाही. अंग मोडून येतं, पण डोळा लागत नाही. ठकीचं तसंच आहे का, ते तपासून घ्या. मोठ्यांना लागू पडलेली गोळी पोरवयात लागू पडेलच असं नाही. तू लवकर बरा झालास, त्यात तुझी काही मर्दुमकी नव्हती रे.

माझंही चुकलंच. सुट्टीत ती म्हणाली होती, की आत्या, मला झोपेतसुद्धा थकायला होतं. मी तिला केस विंचरून घे म्हटलं. परक्यांच्या झोपेचे आलेख वाचणारी मी!

उलटटपाली कळव.

तुझी,
ताई

दि. २८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

अक्षराला हसू नकोस. प्लास्टर परवाच निघालं. तुझं पत्र यायच्या आदल्या दुपारी मी जिन्यात चक्कर येऊन पडले. मनगट मोडलं, वर्ष बुडालं. नंतर डॉक्टरांनी त्या ताणाच्या रसायनासाठी लाळेचे नमुने तपासले. तू म्हणालीस तसंच निघालं. गोळी बदलली. आता सलग पाच तास झोपते. बरी झाले असं नाही, पण परवा स्वतःहून आंघोळीला उठले.

बाबांनी पाळी बदलून घेतलीय. मला कोणी उठवत नाही. काल चहा घेताना ते अचानक म्हणाले, की त्यांना सगळं कळत होतं. माझा चेहरा त्यांच्या आई गेली तेव्हाच्या चेहऱ्यासारखाच दिसायचा. आपलं दुखणं पोरीच्या वाट्याला आलं हे त्यांना सोसवेना, म्हणून ते नाटक म्हणत राहिले. मग चहा तसाच टाकून गॅलरीत गेले. मी मागोमाग जाऊन शेजारी उभी राहिले. असू दे म्हणायचं होतं. तोंडून निघालंच नाही.

तू विचारशील, म्हणून सांगते. अजून नाही माफ केलं. त्यांना कळवू नकोस.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढाच राहू दे.

तुझी,
ठकी