कोरडी, उबदार जागा

१२ डिसेंबर १९६४, मद्रास
नागपूरहून सुखरूप पोहोचले. अड्यारला राजसबाईंच्या घरी खोली मिळाली. त्या तंजावरकडच्या मराठी. सासरे अप्पाजी अंथरुणाला खिळलेले; तिसरं माणूस नाही. खिडकीतून समुद्राचा वारा येतो.
काम मनासारखं आहे. बंदरावर परदेशी गव्हात एक भुंगेरा सापडला. त्याच्या केसाळ अळ्या दाणा आतून पोखरतात. तो पुढे कुठे पसरेल, याचा नकाशा मी करायचा. त्याला कोरडी, उबदार जागा लागते. अशा गावांना तांबडा रंग, बाकी पांढरं. हे ऐकून राजसबाई हसल्या. "किड्यांचं जातक मांडतेस पोरी, तुझं कोण मांडणार?"

१७ डिसेंबर
इकडचा पवित्र मार्गळी महिना लागला. राजसबाई पहाटे दारात कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढतात, तोही तांदळाच्या पिठाचाच. मुंग्यांना खाता यावा म्हणून. अप्पाजींना दार दिसत नाही, तर एक कोलम त्यांच्या खाटेभोवती.
किनारपट्टी मी पांढरी ठेवली. आमचे साहेब कृष्णस्वामी यांनी पुरावा मागितला. दमट घरात अळ्या मरतात हे पाहायला अळ्यांची एक बाटली इथे घरी आणली आहे. तशी मनाई आहे.

२३ डिसेंबर
बाटलीच्या तोंडावरचं फडकं कुरतडलेलं. आत काही नाही. खोलीभर शोधलं.
राजसबाईंना बोलले नाही. साहेबांना सांगितलं, अळ्या मेल्या. त्यांनी नकाशा वाखाणला आणि पुढे पाठवला.

२९ डिसेंबर
अप्पाजींना ताप. खाटेखाली शेगडी ठेवतात. या घरातली कोरडी, उबदार जागा तेवढीच.
खाटेभोवतीचा कोलम जागोजाग खाल्लेला. मुंग्या नव्हत्या. अळ्या होत्या. मी केरसुणी उचलली, तर राजसबाई म्हणाल्या की मार्गळीत जेवायला आलेल्या पाहुण्यांना कोणी मारतं का. मी केरसुणी ठेवली. तेव्हा सांगायला हवं होतं.

३ जानेवारी १९६५
अप्पाजी म्हणतात, कानात कोणी दळतंय. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी अप्पाजींच्या कानामागे बोट लावलं. कातडी पिठासारखी सुटली.
बोट पदराला पुसलं.

६ जानेवारी
अप्पाजी गेले. खांदा देणारे एकमेकांकडे पाहत राहिले. वजनच नव्हतं. पोखरलेला दाणा हाताला असाच लागतो, वरून अख्खा —
खाटेत एकही अळी नाही.

११ जानेवारी
सुतकात कोलम नाही. अळ्याही दिसत नाहीत. मला बरं वाटलं. त्याची लाज —

२० जानेवारी
सुतक फिटलं. मला ताप. अंग कोरडं, तापलेलं. राजसबाई विचारत होत्या, अप्पाजींचे पाहुणे कुठे गेले असतील. मला सांगता येईल. तेच तर माझं काम —
दुपार. त्या पिठाचं भांडं घेऊन आल्या. "आता घरात तूच उरलीस ग मला." माझ्या खाटेभोवती —
नको म्हणावं, तर का ते सांगावं लागेल —
नकाशावर अड्यार अजून पांढरं —
किती मायेनं रेघ ओढतात —
कानात कोणी दळ