मिन्युएटमधला दुसरा जोडीदार

मी, दत्तप्रसाद शंकर मांजरेकर, वय ६२, मूळचा गुहागरचा, सध्या मुक्काम गुदैबिया, बहरीन, धंदा शिंप्याचा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मनात जळफळाट आहे, पण तो माझा स्वतःचा आहे.

१. गुहागरचं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी मृणाली हिला मिळावी. कलम ४ वाचावे.

२. माझी मोठी कात्री कुणालाही द्यावी, ताहिरला देऊ नये. ताहिर हा माझा कटिंग मास्टर. हात सोन्याचा, तक्रार हाताबद्दल नाही.

३. कारण नोंदवून ठेवतो. २०१९ मध्ये एका फ्रेंच बाईंच्या नाचवर्गासाठी आम्ही जुने दरबारी कपडे शिवले. बाई सांगत, मिन्युएट हा जोडीचा नाच मूळचा फ्रान्समधलाच आणि तिथल्या राजाने त्याला दरबाराची शिस्त लावली. तिथे नाचणं म्हणजे मजा नव्हे. एका वेळी एकच जोडी, तीही मानाप्रमाणे, आणि बाकी सगळे नजर रोखून. पाऊल चुकलं की सरदाराचं महिनोन्‌महिने हसं.

जोड्या कमी पडल्या म्हणून बाईंनी मला, मृणालीला आणि ताहिरलाही शिकवलं. कार्यक्रमाच्या दिवशी पहिला मिन्युएट मी आणि मृणालीने केला. रिवाज असा, की मग पुरुषाने मागे सरायचं आणि बाईने पुढचा जोडीदार निवडायचा. तालमीत ती एका म्हाताऱ्या इंग्रजाला बोलवायची. त्या दिवशी त्याच्याकडे न बघता सरळ ताहिरपुढे जाऊन उभी राहिली. आणि ताहिर! तिच्यामागे जाऊन मुजऱ्याला असा वाकला की उठायचं नाव नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जरीचा कोट घालून खुर्चीत बसलो होतो. घरी विचारलं तर म्हणाली, "अहो, नाचच होता तो."

४. माझ्या पश्चात मृणालीने ताहिरशी लग्न केल्यास कलम १ रद्द समजून घर आणि शिल्लक माझी बहीण सत्यवती हिला जावी.

५. साक्षीदार म्हणून ताहिरची सही मुद्दाम घेत आहे. त्याने सगळं वाचूनच सही करावी.

ठिकाण: गुदैबिया. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.
सही: द. शं. मांजरेकर
साक्षीदार: १) शेवंती पाटकर, शेजारीण
२) ताहिर मुकादम

मास्टर, सही केली, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. भाभींच्या झग्याला तुम्ही घातलेली कमरेची शिवण पहिल्या नाचातच उसवली होती. भाभी कानात म्हणाल्या, "टाचण्या आहेत ना? मागून लाव. ह्यांना कळू देऊ नकोस, बाईंसमोर नाक कापलं जाईल ह्यांचं." वाकलो तेव्हा चार टाचण्या लावल्या. खलास, एवढंच. — ताहिर

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: वरील मजकूर वाचला. कलम ४ रद्द. बाकी कलमे कायम. माझ्याच शिवणीची गोष्ट सहा वर्षं त्या दोघांना माहीत होती आणि मला नव्हती, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

सही: द. शं. मांजरेकर